पांढुर्णा जिल्ह्याची मातृभाषा

सौंसर,
१ नोव्हेंबर २०२५

चि. अश्विनी हिस,


तुझं पत्र काकूनं मोठ्यानं वाचून दाखवलं आणि तू इतकी चिडलीस कशावर, असं विचारलं. मी तिला सांगितलं, टोरंटोच्या महापालिकेनं ब्लूर, यंग आणि युनिव्हर्सिटी या रस्त्यांवर सायकलवाटा आखल्या आणि ओंटारिओच्या सरकारनं गेल्या नोव्हेंबरात कायदा करून त्या उखडायचं ठरवलं. याच सरकारनं २०१८ मध्ये ऐन निवडणुकीच्या धामधुमीत शहराच्या ठरलेल्या ४७ जागांच्या २५ केल्या आणि २०२१ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं ५ विरुद्ध ४ मतांनी ते मान्य केलं. शहरानं प्रांताच्या मर्जीवर का जगावं, हा तुझा राग मला पटतो. सायकलवाटांच्या बाबतीत जुलैत कोर्टानं सरकारला अडवलं, ते चांगलं झालं.

पण तुझं दुसरं म्हणणं मला अजिबात मान्य नाही. टोरंटोत फ्रेंच बोलणारे मूठभर, मग त्यांच्यासाठी सरकारी पैशानं वेगळ्या शाळा कशाला, असं तू लिहितेस. सौंसरच्या लेकीनं हे विचारावं, याचं मला वाईट वाटलं.

आज मध्य प्रदेशचा स्थापना दिवस आहे. १९५६ पर्यंत आपली राजधानी नागपूर होती. त्या वर्षी १ नोव्हेंबरला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. वाटणी जिल्ह्यावार झाली, छिंदवाडा हिंदीत गणला गेला आणि पांढुर्णा-सौंसरचा मराठी मुलूख त्याच्याबरोबर इकडे राहिला. सीमा हलवा, असं मी म्हणत नाही. या राज्यानं मला नोकरी दिली, पेन्शन देतं, माझी हयात इथे गेली. पण त्याच १ नोव्हेंबरला सातवी घटनादुरुस्तीही अमलात आली आणि तिच्यातून कलम ३५०-क घटनेत आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, यासाठी राज्यानं प्रयत्न करावा, असं ते सांगतं. नुसता प्रयत्न. तो झाला नाही तर आईबापांनी काय करायचं, याबद्दल त्यात अक्षर नाही.

तुमच्या कॅनडाच्या १९८२ च्या हक्कसनदेचं २३ वं कलम याहून ठाम आहे. मुलांची संख्या पुरेशी असेल तिथे अल्पसंख्य इंग्रजी किंवा फ्रेंच समाजाला आपल्या भाषेतल्या शाळेचा हक्क आहे आणि खर्च सरकारनं करायचा. अल्बर्टातले पालक कोर्टात गेले तेव्हा १९९० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की जिथे संख्या पुरते तिथे शाळेच्या कारभारातही पालकांचा वाटा हवा. ओटावातलं माँफोर हे फ्रेंच रुग्णालय प्रांताच्या आयोगानं १९९७ मध्ये बंद करायला घेतलं होतं. लोक रस्त्यावर उतरले, खटला लढले आणि २००१ च्या निकालानं ते वाचलं. दुखणं आपल्या भाषेत सांगता येणं ही चैन नाही, अश्विनी. इथली माणसं मोठ्या दुखण्याला नागपूर गाठतात, त्याला डॉक्टरांइतकंच हेही कारण आहे.

कागदावर आपल्याकडेही बरंच आहे. १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरलं होतं, की शाळेत ४० किंवा वर्गात १० मुलं त्या भाषेची असली तर त्या भाषेचा शिक्षक द्यायचा. १९५६ मध्ये केंद्रानं राज्यांना निवेदन पाठवलं. जिल्ह्यात, तहसिलीत किंवा नगरपालिकेत भाषिक अल्पसंख्याक १५ ते २० टक्के असले तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही छापाव्यात, असं त्यात म्हटलं होतं. म्हणजे सौंसर तहसील म्हणूनही आपण हे मागू शकत होतो. मागणी जोरात झाली नाही, कारण सगळं छिंदवाड्यावरून चाले आणि वीस लाखांवर वस्तीच्या त्या जिल्ह्यात मराठी माणूस आकड्यात पातळ व्हायचा.

२०२३ मध्ये ते बदललं. ऑगस्टात जामसावळीला घोषणा झाली आणि निवडणुकीच्या तोंडावर पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला. मुख्यालय सौंसरला हवं होतं, असं मला वाटे. आता तो विषय मी सोडून दिला. लोकांना नवा जिल्हा म्हणजे नवं कलेक्टर ऑफिस दिसतं. मला त्यात दिसतं ते हे, की मराठीचं प्रमाण आता मोठ्या जिल्ह्यात विरून जाणार नाही.

मागे एका कचेरीबाहेर एक बाई भेटली. गारपिटीनं तिच्या बागेतली संत्री झडली होती. आंबिया बहार किती होता, किती फळ गळलं, कोळशीनं आधीच किती झाडं खराब झाली होती, सगळं तिनं मला घडाघडा सांगितलं. बाजारापुरती हिंदी तिला येते. पण अर्ज हिंदीत लिहायचा, म्हणून ती पैसे देऊन लिहून घ्यायला बसली होती आणि लिहिणाऱ्यानं दोन ओळींत सगळं आटोपलं. बहाराचा उल्लेखही नाही. मंगळवारच्या जनसुनवाईत मराठी अर्ज घ्यावा आणि त्यावर मराठी जाणणारा एक माणूस बसवावा, एवढी माझी मागणी आहे. यात हिंदीचं काहीच जात नाही.

आणि हा हक्क आपल्यापुरता मागितला तर तो मला लाजिरवाणा वाटेल. पांढुर्णा विधानसभा आदिवासींसाठी राखीव आहे. तिथल्या गोंडी बोलणाऱ्या पोरालाही तेच ३५०-क कलम लागू आहे आणि त्याची भाषा तर आठव्या अनुसूचीतसुद्धा नाही. मराठीला २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. गोंडीच्या शाळेसाठी आपण कधी तोंड उघडलं? तुमचं २३ वं कलमही इंग्रजी आणि फ्रेंचपाशीच थांबतं. ज्या मूळनिवासी मुलांना निवासी शाळांत डांबून त्यांची भाषा तोडली, त्यांच्या भाषांसाठी कायदा आला तो २०१९ मध्ये. ते तुझ्या नव्या देशाचं ऋण आहे. तू आता तिथली मतदार आहेस, तेव्हा ते तुझंही झालं.

२०२७ ची जनगणना ही पांढुर्णा जिल्ह्याची पहिली. इथे शिकलेली घरं मातृभाषेपुढे हिंदी लिहून मोकळी होतात, ते मी पाहिलंय. आम्ही काही निवृत्त शिक्षक गावोगाव फिरून सांगणार आहोत, घरात जे बोलता तेच लिहा. मराठी असेल तर मराठी, पवारी असेल तर पवारी, गोंडी असेल तर गोंडी. आकडा हाती आला, की १९५६ चं निवेदन घेऊन कलेक्टरांकडे जायचं.

तुझ्याकडून एक काम हवं आहे. ओंटारिओत फ्रेंच शाळांची १२ मंडळं आहेत आणि त्यांचे सभासद निवडणुकीनं येतात. टोरंटोतल्या विआमोंद मंडळाच्या एखाद्या शाळेत जाऊन ये. पालकांचा शब्द तिथे कितपत चालतो, शिक्षक कुठून मिळतात, मुलं कमी पडली तर काय करतात, हे विचारून सविस्तर लिही. आम्हाला ते पांढुर्ण्याच्या बैठकीत मांडायचं आहे.

घरी सगळे ठीक. जावईबापूंना नमस्कार, पिलांना पापा.

तुझा,
काका