खिचडी कुणाच्या हातची?

रत्नागिरी तालुक्यातल्या एका शाळेत पोषण आहारासाठी मदतनीस निवडायची होती. व्यवस्थापन समितीत मीही होतो. मुख्याध्यापकांना वेळेवर येणारी बाई हवी होती, काही पालकांना ‘आपल्यातली’. बौद्धवाडीतल्या ताईंच्या कामाबद्दल तक्रार नव्हती, तरी त्यांचं नाव कुणी घेईना. ‘एकमत होऊ द्या’ म्हणत मी गप्प बसलो. ती माझी चूक. वेळ, स्वच्छता, चव यांवर मतभेद असू शकतात. जातीवर मत मागायचंच नसतं.

स्वयंपाकी-मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्या, असा सर्वोच्च न्यायालयाचा २० एप्रिल २००४ चा आदेश आहे. पुढच्या बैठकीत तो वाचून दाखवला. ताई निवडल्या गेल्या. पहिल्या दिवशी चार मुलं घरून डबा घेऊन आली. म्हणजे काम अजून बाकी आहे. जय भीम!