दुकानातील घट

किल्लेधारूर

चि. भाच्यास,

वहीप्रमाणे जितका माल असायला हवा आणि मोजल्यावर जितका भरतो, त्यांतला फरक म्हणजे घट. १०० रुपयांच्या वस्तूत १० रुपये सुटत असतील, तर ती एक गेल्यावर अडकलेले ९० भरून काढायला तशाच नऊ विकाव्या लागतात. ही घट सगळी चोरीचीच असते असे नाही; चोराचे नाव मात्र आधी निघते.

घट सुरू होते ती माल उतरवून घेताना. टेम्पो दारात, गिऱ्हाईक समोर, म्हणून न मोजताच चलानावर सही होते. कट्टा कमी आला किंवा खोके फुटलेले निघाले, तर ते त्याच चलानावर लिहून चालकाची सही घ्यावी लागते. पुढे गूळ पावसाळ्यात पाझरतो, धान्य सुकून वजनात उतरते, मुदत संपलेला माल मागे दडून राहतो. इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी पडताळणी कायद्याने सक्तीची आहे, आणि ती दुकानदाराच्याही हिताची: जादा गेलेले दहा ग्रॅम कोणी परत आणून देत नाही.

धारूर हा ऊसतोड मजुरांचा तालुका. दसरा-दिवाळीच्या सुमारास आगाऊ उचल घेतलेली कुटुंबे कारखान्यांकडे निघण्यापूर्वी किराणा एकदम भरतात. त्या गर्दीत तोंडी उधारी वहीत चढायची राहते, आणि महिन्याने तीच नोकराच्या माथी मारली जाते. म्हणून सामान हातात देण्याआधी रक्कम लिहावी व वाचून दाखवावी.

खऱ्या चोरीला लहान आणि महाग वस्तू आवडतात. तूप, काजू, ब्लेड गल्ल्याजवळ ठेवावे. कॅमेरा बहुतेक जण पुढच्या दारावर लावतात. त्याची खरी जागा गल्ला आणि मागचे दार. गल्ल्यावरचा माणूस बदलताना रोकड दोघांनी मिळून मोजावी.

चोर सापडलाच, तर मारणे किंवा कोंडून ठेवणे हा दुकानदाराचाच गुन्हा होतो, पोलिसांना बोलवावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ५,००० रुपयांखालच्या चोरीत प्रथमच दोषी ठरलेल्याने माल किंवा त्याची किंमत परत केल्यास समाजसेवेची शिक्षा आहे. नोकराने मालकाच्या मालाची केलेली चोरी कलम ३०६ खाली येते. त्या गुन्ह्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तुझा मामा