दिग्व्रत आणि पासपोर्ट



आमच्या करंजाड्यात हल्ली कुठल्याही गप्पा फिरत फिरत प्रवासावर येतात. नवा विमानतळ अगदी शेजारी. 25 डिसेंबर 2025 पासून तिथून विमानं उडू लागली आणि मुलगा लगेच म्हणाला, "आई, आता लांब पडतं म्हणू नकोस. रिक्षानं विमानतळावर जाशील." त्याचं खरंच आहे. पण नेमकं आत्ताच आम्ही दोघं दिग्व्रत घ्यायचा विचार करतोय, आणि पासपोर्टचीही मुदत संपत आलीय. म्हणून म्हटलं, आज यावरच लिहू.

दिग्व्रत म्हणजे श्रावकाच्या तीन गुणव्रतांतलं पहिलं. दाही दिशांना आपली हद्द ठरवायची आणि जन्मभर तिच्या पलीकडे जायचं नाही. हद्द कशानं ठरवायची, हेही आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात सांगून ठेवलंय: समुद्र, नदी, अरण्य, पर्वत, देश किंवा योजनं. म्हणजे सगळ्यांना माहीत असलेली खूण हवी. फायदा काय? हद्दीबाहेर आपल्या हातून बारीकशीही हिंसा होत नाही, तिथला लोभ सुटतो. तेवढ्या क्षेत्रापुरती आपली अणुव्रतं महाव्रतांसारखी होतात.

आमच्या सासूबाईंनी साठी झाल्यावर सांगलीत हे व्रत घेतलं. पूर्वेला सम्मेदशिखर, दक्षिणेला श्रवणबेळगोळ, उत्तरेला हस्तिनापूर, पश्चिमेला समुद्र. गिरनार आत बसतो याची आधी खात्री करून घेतली. पुढं माझ्या लेकीला इंग्लंडमध्ये, लेस्टरला मुलगी झाली. आम्ही तिकीट काढायला निघालो, तर सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, तुम्ही जावा. पणतीला माझ्याकडं आणा." पणती आली तेव्हा तीन वर्षांची होती. सासूबाईंनी तिला मांडीवर घेऊन णमोकार शिकवला. त्यानंतर चार महिन्यांत त्या गेल्या. तीन वर्षं त्यांनी फक्त फोटो बघितले. त्यांच्या तोंडून तक्रार एकदाही ऐकली नाही, पण मी मात्र तेव्हा व्रतावर मनातून रागावले होते.

आता माझी पाळी आहे, आणि मी बी.कॉम. असल्यामुळे मला हे व्रत अंदाजपत्रकासारखं दिसतं. त्याचे पाच अतिचार वाचा, हिशेब तपासणाऱ्यानंच लिहिल्यासारखे आहेत. वर, खाली आणि तिरकी हद्द ओलांडणं हे तीन. चौथा क्षेत्रवृद्धी, म्हणजे हद्द वाढवणं. पूर्वेचे उरलेले कोस पश्चिमेला जोडणं त्यातच येतं. एका खात्यातली शिल्लक दुसऱ्या खात्यावर खर्च करण्यासारखं. पाचवा, ठरवलेली मर्यादाच विसरणं. आजच्या काळात वर-खालीचाही विचार करावा लागतो. विमान दहा-अकरा किलोमीटर उंच जातं आणि लंडनची रेल्वे जमिनीखालून धावते. एकदा घेतलेली हद्द वाढवता येत नाही, म्हणून आधीच नीट बसून ठरवायचं.

लेस्टरला आम्ही दोनदा जाऊन आलो. तिथलं जैन सेंटर बघून डोळे भरून येतात. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचं जुनं चर्च, त्याला बाहेरून पांढरा संगमरवर आणि आत कोरीव खांब. 1988 साली प्रतिष्ठा झाली. दिगंबर, श्वेतांबर, स्थानकवासी, श्रीमद् राजचंद्रांचे अनुयायी, सगळे एका छपराखाली. आपल्याकडे हे कधी बघायला मिळेल?

तिथं जायचं तर जेवणाची तयारी आधी करावी लागते. विमानात नुसतं शाकाहारी मागितलं तर कांदा-बटाटा येऊ शकतो. तिकीट काढतानाच जैन जेवण सांगा. त्याचा कोड व्हीजेएमएल. पहिल्यांदा जूनमध्ये दिवसाच्या विमानानं गेलो. सूर्य मावळेचना! मुंबईत सकाळी सहाला उगवलेला, तो लेस्टरला रात्री साडेनऊला मावळला. आपल्या घड्याळात तेव्हा रात्रीचे दोन. वीस तासांचा दिवस! उलट डिसेंबरात तिथं दुपारी चारच्या आतच सूर्यास्त. दोन घटका, म्हणजे 48 मिनिटं आधी आटपायचं तर तीनला ताट वाढायचं. लेकीनं ऑफिसला डबा नेऊन तेही सांभाळलं.

जवळच्या सहलींची गोष्ट निराळी. त्यांना तयारी लागत नाही, म्हणून नियमही तिथंच सुटतो. शनिवारी दुपारी कुणीतरी "चला लोणावळ्याला" म्हणतं आणि रात्री नऊला हॉटेलात रांगेत उभं राहायची वेळ येते. शिवाय आपल्याकडे सहलींचा हंगाम पावसाळ्याचा. पाऊल ठेवू तिथं जीव असतात, म्हणून मुनी महाराज ज्या चार महिन्यांत एका गावी थांबतात, त्याच महिन्यांत आपण धबधबे शोधत फिरतो.

त्यावर उपाय देशव्रताचा. तेही गुणव्रतच, पण ठरावीक काळापुरतं. आम्ही चातुर्मासात पनवेल तालुक्याबाहेर जात नाही. कर्नाळा अभयारण्य हद्दीत आहे, पण तेही पाऊस सरल्यावर. देशव्रताचे अतिचार तर आजच लिहिल्यासारखे वाटतात: बाहेरून वस्तू मागवणं, माणूस पाठवणं, आवाज देणं, रूप दाखवणं, खडा मारून लक्ष वेधणं. नात म्हणाली, "मग आजी, व्हिडिओ कॉल चालतो का?" मी तिला सांगितलं, मागच्या दारानं काम करून घ्यायला चालत नाही, तुझं तोंड बघायला चालतं. ही माझी समजूत. महाराजांना विचारणार आहे.

चातुर्मास संपला की मावळातल्या पाले गावच्या लेण्याला जरूर जा. एक्सप्रेसवेनं लोणावळ्याच्या पुढं, कामशेतजवळ. वाट चढाची आहे, चपला चांगल्या घाला. तिथं ब्राह्मी लिपीतला सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी तो वाचला. सुरुवात अरहंतांना नमस्कारानं, म्हणून अभ्यासक ते जैन लेणं मानतात. भदंत इंद्ररक्षितानं सोबत्यांसह लेणं आणि पाण्याची पोढी खोदवली, एवढंच त्यात लिहिलंय. पणतीला मांडीवर शिकवलेला नमस्कार तिथं दगडात बघितला आणि वाटलं, यासाठी समुद्र ओलांडावा लागत नाही.

मुलगा जपानचा आग्रह धरतो. कोबेला 1985 पासून जैन मंदिर आहे, यात्राच समज म्हणतो. पण मी मनाशी विचारलं, जगात कुठं गेल्याशिवाय माझं अडेल? उत्तर एकच आलं. आमच्या शेजारी विमानतळासाठी गाव सोडावं लागलेली कुटुंबं राहतात. दहा गावं हलली. त्यांची हद्द दुसऱ्यांनी ठरवली. आपल्याला ती स्वतः ठरवता येते, हे केवढं भाग्य.

तर आमचं ठरलंय. पूर्व, दक्षिण, उत्तर सासूबाईंचीच. पश्चिमेला लेस्टर. वर विमान जाईल तेवढं, खाली भुयारी रेल्वे. जपान, अमेरिका सुटली. त्यांच्या मर्यादेत मी एक दिशा वाढवून घेतेय, ती नातीसाठी. याला मोह म्हणा, मी नाही म्हणणार नाही. येत्या चातुर्मासात महाराजांसमोर बसू. त्याआधी पासपोर्ट नवा करून घेते.

तुमच्या चार दिशांना काय काय येईल? एकदा कागदावर मांडून बघा आणि मला कळवा.

जय जिनेंद्र.