खाली गाड्या, वर संसार

संपादकांचा प्रश्न सरळ होता: मुंबईला मोठा भूकंप जाणवला तर उपनगरांचं काय होईल? सोप्या भाषेत लिहा, आकडेमोड नको, असंही त्यांनी बजावलं. प्रयत्न करतो. पण थोडी आकडेमोड केल्याशिवाय मला म्हणायचं आहे ते म्हणताच येणार नाही.

या प्रश्नाचं उत्तर अहमदाबादला 26 जानेवारी 2001 रोजी मिळालेलं आहे. सकाळी पावणेनऊच्या सुमारास कच्छ हादरलं. भूकंपाचं केंद्र अहमदाबादपासून सुमारे 240 किलोमीटर दूर. तरीही त्या शहरात सत्तरच्या आसपास बहुमजली इमारती कोसळल्या, साडेसातशेच्या घरात माणसं गेली. जुन्या शहरातल्या पोळांमधली लाकूड-विटांची घरं बरीचशी तगली. पडल्या त्या नव्या वस्त्यांतल्या आरसीसीच्या इमारती, आणि त्यांतल्या बहुतेकींचा तळमजला गाड्यांसाठी मोकळा सोडलेला होता.

भूकंपासाठीच्या भारतीय मानक क्रमांक 1893 च्या 2016 च्या आवृत्तीतल्या नकाशावर अहमदाबाद तिसऱ्या क्षेत्रात आहे, त्या भूकंपाच्या वेळीही होतं. मुंबईही तिसऱ्याच. तिसरं क्षेत्र म्हणजे तीव्रता सातपर्यंतचा धक्का गृहीत धरून इमारत बांधायची. अहमदाबादला त्या दिवशी जो धक्का बसला तो साधारण तेवढाच होता. कागदावर जे आधीच लिहून ठेवलं होतं त्याहून जास्त काही त्या जमिनीनं मागितलं नव्हतं, आणि तेवढंही आपल्या इमारतींना पेललं नाही.

इथे वाचक मला अडवतात, कारण त्यांच्या डोक्यात रिश्टर असतो. ‘आमचा टॉवर आठ रिश्टरचा आहे,’ असं मला अंधेरीतल्या एका गृहस्थांनी अभिमानानं सांगितलं. बिल्डरच्या माहितीपत्रकात तसं छापलं होतं. या वाक्याला काही अर्थ नाही. रिश्टरचा आकडा भूकंपाचा असतो आणि एका भूकंपाला तो एकच असतो. तुमच्या पायाखाली जमीन किती हलली, ती तीव्रता. ती अंतरानुसार, जमिनीनुसार बदलते. किल्लारीचा 30 सप्टेंबर 1993 चा भूकंप कच्छच्या मानानं लहान, सव्वासहाच्या आसपासचा. पण केंद्र गावांच्या जवळच, खोली कमी आणि भिंती दगडमातीच्या, जाडजूड. हजारो माणसं झोपेतच गेली. तोवरच्या नकाशात किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात होती हेही सांगायला हवं. कोयना 1967 साली हादरली तेव्हा मुंबईत लोक पहाटे घराबाहेर आले होते. तिथून इथवर अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास. जमिनीचं म्हणाल तर अंधेरीची गिल्बर्ट टेकडी हा काळा कातळ, आणि बोरिवलीच्या पश्चिमेला गोराई खाडीकडे सरकलात की गाळ. मेक्सिको सिटी 1985 मध्ये साडेतीनशे किलोमीटरवरच्या भूकंपानं कोसळली ती जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेली म्हणून. आपला गाळ तितका खोल नाही, पण कातळावरच्या आणि खाडीकाठच्या इमारतीला एकच हिशेब लावून चालणार नाही.

आता माझ्या मूळ दुखण्याकडे येतो: स्टिल्ट, म्हणजे गाड्यांसाठी मोकळा सोडलेला तो तळमजला. वरच्या प्रत्येक मजल्यावर विटांच्या भिंती असतात. डिझाइन करताना बहुतेक अभियंते या भिंतींचं फक्त वजन धरतात, त्यांचा ताठपणा धरत नाहीत. प्रत्यक्षात त्या भिंतींमुळे वरचे सगळे मजले मिळून एक घट्ट पेटी होते. ती पेटी काटक्यांवर ठेवल्यासारखी स्टिल्टच्या खांबांवर बसलेली असते. जमीन बाजूला सरकली की पेटी जवळजवळ जशीच्या तशी राहते आणि सगळं वाकणं तळमजल्याच्या खांबांच्या डोक्याला आणि पायाला येतं. त्याच 1893 मानकाच्या 2002 च्या आवृत्तीनं दोन वाटा दिल्या: अशा मजल्याचे खांब-बीम अडीचपट जोरासाठी डिझाइन करा, किंवा दोन्ही दिशांना, मध्यापासून शक्य तेवढ्या दूर, समतोल ठेवून काँक्रीटच्या भिंती घाला आणि त्या दीडपट जोरासाठी करा. बहुतेकांनी अडीचपटाची वाट धरली, कारण तिच्यात पार्किंग जात नाही. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं की खांब बळकट केल्यानं तो मजला वरच्या मजल्यांइतका ताठ होत नाही, भिंतच लागते. 2016 च्या आवृत्तीत अखेर भिंती किंवा तिरप्या ताणांची व्यवस्था यावरच भर आला. माझे काही समव्यावसायिक अजूनही म्हणतात की जुन्या इमारतींचा पुनर्विकास होणारच आहे, कशाला खर्च? पुनर्विकासाच्या सह्या, वाद आणि कोर्टकचेऱ्यांत दहा-दहा वर्षं जातात. तेवढी वर्षं माणसं त्याच खांबांवर राहतात.

हे आत्ता इतक्या तावातावानं लिहितोय त्याला कारण मुलुंड पूर्वेची एक सोसायटी. नव्वदच्या दशकातली, स्टिल्ट अधिक चार. भूकंपासाठी सळया-रिंगा कशा बांधायच्या हे सांगणारं तेव्हाचं 13920 हे मानक तिसऱ्या क्षेत्रात साध्या रहिवासी इमारतींपैकी पाच मजल्यांहून उंच असलेल्यांनाच लागू होतं. ही इमारत त्यातून सुटली. रंगकामाच्या वेळी सोसायटीनं स्टिल्टच्या खांबांना गुडघाभर ग्रॅनाइट लावून घेतला होता. गाड्या धुण्याच्या नळाजवळच्या खांबाचा ग्रॅनाइट मी काढायला लावला. मागचं काँक्रीट बोटांनी निघालं. आत उभ्या सळया गंजलेल्या, पण शाबूत. रिंगा मात्र कोपऱ्यात खाऊन तुटलेल्या, एकमेकींपासून वीतभर अंतरावर, आणि त्यांचे हूक काटकोनात वळवलेले. हूक 135 अंशांत वळून खांबाच्या पोटात शिरलेला हवा आणि सांध्याजवळ रिंगांतलं अंतर चार इंचांच्या आत हवं. खांब हादऱ्यात वाकतो तेव्हा आतल्या काँक्रीटला मिठी मारून ठेवतात त्या रिंगा. आणि खाऱ्या हवेत आधी गंजतात त्याही रिंगाच, कारण त्या सगळ्यांत बाहेर असतात.

‘अहो साहेब, इतकी वर्षं उभी आहे, हललीय का कधी?’ असं सेक्रेटरी म्हणाले. उभी राहणं म्हणजे वजन पेलणं. बाजूचा धक्का तिनं अजून खाल्लेलाच नाही. मी पाहिलेल्या बहुतेक स्ट्रक्चरल ऑडिटमध्येही वजनाचीच तपासणी असते. धोकादायक इमारतींची सी-वन, सी-टू ही वर्गवारी त्यावरच ठरते. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी मात्र खाली येऊन खांब बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘मग आजपासून घरात झोपायचं नाही का रे?’ झोपा आजी, म्हटलं, आजचं वजन हा खांब पेलतोय. उत्तर बरोबर होतं. तरी ते देऊन निघताना मला बरं वाटलं नाही, कारण चार ठिकाणी भिंती घालायचा माझा आराखडा सभेनं दोन पार्किंग जातात म्हणून बाजूला ठेवला आहे. खांबाला काय झालं की काय होतं, हे कळायला भूकंपही लागत नाही. घाटकोपरच्या दामोदर पार्कमधली साई दर्शन इमारत 25 जुलै 2017 रोजी भर दिवसा कोसळली, 17 माणसं गेली. तळमजल्यावर फेरबदलाचं काम चालू होतं असं पुढे आलं.

भूकंपानंतरच्या पहिल्या रात्रीबद्दलही लिहायला हवं, कारण तेव्हा निर्णय अभियंत्याविना घ्यावे लागतात. अहमदाबादेत कितीतरी लोक धडधाकट इमारती असूनही कित्येक रात्री उघड्यावर झोपले, आणि त्यांना भ्याड म्हणणं चूक आहे. मागून येणारे धक्के खरे असतात. आधी गॅसचा व्हॉल्व्ह बंद करा. लिफ्ट वापरू नका, तिचा तोल साधणारं वजन रुळावरून सुटलेलं असू शकतं. मग भेगा बघा. बीमच्या खालून, वीट आणि काँक्रीट जिथे भेटतात तिथे गेलेली आडवी भेग बहुधा फक्त प्लास्टरची. विटांच्या भिंतीवर फुलीसारख्या तिरप्या भेगा म्हणजे भिंतीनं मार खाल्लाय. तिच्याखाली पलंग ठेवू नका, पण तेवढ्यावरून इमारत पडत नाही. खांबाच्या डोक्याला किंवा पायाला काँक्रीट फुटून सळ्या दिसत असतील, किंवा खांबावरच तिरपी भेग असेल, तर कागदपत्रं आणायलाही वर जाऊ नका. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचे आखूड खांबही असेच बघा, म्हणजे खालूनच. टाकी भरलेली असते आणि ते खांब कुणी कधी तपासलेले नसतात.

काठमांडूत 2015 मध्ये अभियंत्यांनी घरोघरी फिरून हिरव्या, पिवळ्या, लाल चिठ्ठ्या लावल्या. ते काम आपल्याकडे करायची वेळ आली तर बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत दारात येणाऱ्या अभियंत्याच्या हातात काय देणार? सोसायटीच्या कपाटात आर्किटेक्टचा मंजूर नकाशा असतो, ओसी असते, कन्व्हेयन्सची फाइल असते. आरसीसीची ड्रॉइंग नसतात. खांबात किती सळ्या, रिंगा किती अंतरावर, पाया कसला, हे त्यांतच असतं. ज्यांचे बिल्डर अजून व्यवसायात आहेत त्यांनी ती या महिन्यात मागून घ्यावीत, आणि दोन प्रती काढून एक सोसायटीच्या इमारतीबाहेर ठेवावी.