धाब्याखालचा गारवा

जुने घर नवे करून देणे हा आमचा व्यवसाय. नवी इमारत बांधणाऱ्याच्या हाती मोकळा भूखंड येतो. आमच्या हाती कोणाचे तरी नांदते घर येते. चुलीवर कळण्याची भाकरी भाजली जात असते, ओसरीवर एखादे मूल पाढे म्हणत असते, कोपऱ्यातल्या खाटेवर कोणी आजारी माणूस पडलेले असते आणि या साऱ्यांच्या मधून मापाची पट्टी धरून आम्ही हिंडत असतो. इतकी वर्षे हे काम केल्यावर एवढे उमगले, की भिंतींची मापे घेणे सोपे आहे. त्या भिंतींच्या आत माणसे कशी राहतात हे समजून घेणे अवघड आहे. हा धडा आम्हांला एका वृद्ध आजींनी दिला आणि त्याची किंमतही आमच्या आधी त्यांनीच मोजली. त्याचीच ही हकिकत.

आमचे गाव पहूर. जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जामनेर तालुक्यात ते लागते. पेठ आणि कसबे असे गावाचे दोन भाग. अजिंठ्याच्या लेण्यांना वळसा घालून निघालेली वाघूर नदी आमच्या भागातून पुढे तापीला मिळायला जाते. भोवती कापसाची शेती, पायांखाली काळी जमीन आणि डोक्यावर वैशाखातले असे ऊन, की पारा ४५ अंशांपर्यंत चढला तरी कोणाला नवल वाटत नाही. अशा मुलखात आमच्या वाडवडिलांनी जे घर पसंत केले ते धाब्याचे घर.

ज्या वाचकांनी धाबे पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. दगडी जोत्यावर मातीच्या जाड भिंती. आत सागाचे खांब आणि लाकडाला ओल लागू नये म्हणून प्रत्येक खांबाखाली दगडाचे उथळे. खांबांवर तुळया, तुळयांवर जवळजवळ बसवलेल्या कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्या, त्यांवर पाला आणि मग मातीचा जाड थर. सर्वांत वर खारी, म्हणजे खारवट, चिकट अशी पांढरी माती. पावसाचे पाणी पडले की ही माती घट्ट बसते आणि पाणी खाली झिरपू देत नाही. दरवर्षी मृगाच्या आधी धाब्यावर नवी खारी टाकायची, उगवलेले गवत उपटायचे, पाणी वाहून जाण्याच्या वाटा मोकळ्या करायच्या, हा घराघरांतला नेम होता. भर दुपारी धाब्यावर पाय ठेववत नसे आणि त्याच वेळी खाली माजघरात म्हातारी माणसे गाढ झोपलेली असत.

असे असूनही लोक धाबी पाडतात, आणि त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांला नाही. खारी वाहून आणायला माणसे मिळत नाहीत. बैलगाड्या कमी झाल्या. घरातली तरुण मुले पुण्याला नाही तर सुरतेला कामाला गेली. धाब्यावर चढायचे कोणी? एक-दोन वर्षे हयगय झाली, की पाणी आत शिरते, तुळईचे भिंतीतले टोक कुजते, वाळवी आतून लाकूड पोखरते आणि बाहेरून काही दिसत नाही. मग एखाद्या झडीच्या पावसात भिजलेल्या मातीचे ओझे त्या लाकडाला पेलवत नाही. असे धाबे कोसळून झोपेतली माणसे दगावल्याच्या बातम्या खानदेशात पावसाळ्यात येतात. शिवाय सोयरीक जमवताना पाहुण्यांची नजर आधी छपराकडे जाते. स्लॅबचे घर म्हणजे खाऊन-पिऊन सुखी घर, असा समज झाला आहे.

काही वर्षांपूर्वी गावाजवळच्या एका शेतकरी कुटुंबाने आम्हांला बोलावले. दिवाळीनंतर कापसाचा पैसा हाती आला होता. थोरल्या मुलाचे लग्न ठरत होते आणि आखाजीला लेकी माहेरी येतील तेव्हा घर नवे दिसले पाहिजे, अशी घरधन्याची इच्छा होती. आमच्याकडे दिवाळी ते आखाजी हाच बांधकामाचा हंगाम. ते म्हणाले, “सगळं पाडा आणि स्लॅब टाका.”

आम्ही घर पाहिले. पुढच्या खोलीच्या तुळया वाळवीने पोखरल्या होत्या. त्या काढणे भागच होते. माजघर मात्र ठणठणीत होते. आम्ही पटाशी टोचून पाहिली, हातोडीने खांब वाजवून पाहिले. लाकूड खणखणीत बोलले. वरची माती थोडी उतरवून नवी खारी टाकली असती आणि दोन कड्या बदलल्या असत्या, तर ते माजघर आणखी एक पिढी सहज उभे राहिले असते.

हे आम्ही घरधन्याला सांगितले नाही. का सांगितले नाही, याचे उत्तर आज स्पष्ट दिले पाहिजे. जुने सांभाळून दुरुस्त करण्याचे काम किचकट असते. त्याला जाणता सुतार लागतो, दिवस जास्त जातात आणि नफा थोडा उरतो. स्लॅबचे काम चौरस फुटावर ठरते. सेंट्रिंगवाले येतात, सळई बांधली जाते, एका दिवसात काँक्रीट पडते आणि हिशेब मोकळा होतो. घरधनी स्वतःच पाडा म्हणत असताना आपण कशाला आडवे यावे, असे आम्ही मनाशी म्हटले. घरात आजी होत्या. त्यांना कोणी विचारले नाही. आम्हीही विचारले नाही. धाबे उतरवले त्या दिवशी त्या शेजारच्या ओट्यावर बसून मजुरांकडे बघत होत्या, एवढे आठवते.

घर वेळेवर झाले. आखाजीला लेकी आल्या, झोके बांधले गेले, सर्वांनी कौतुक केले. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी शेवटचा हप्ता मागायला आम्ही भर दुपारी तेथे गेलो. नव्या खोलीत पाऊल टाकताच भट्टीच्या तोंडाशी उभे राहिल्यासारखे झाले. पंखा फिरत होता आणि छताची ऊब खाली ढकलत होता. आजींची खाट जागेवर नव्हती. विचारले तेव्हा घरधन्याने मान दुसरीकडे वळवली.

आजी गोठ्यात होत्या. घराचे जुने धाबे तेवढे गोठ्यावरच शिल्लक राहिले होते. एका बाजूला बैल, दुसऱ्या बाजूला कडब्याच्या पेंढ्या आणि मध्ये त्यांची खाट. आम्हांला पाहून त्या उठून बसल्या आणि जणू चूक त्यांचीच असावी अशा स्वरात म्हणाल्या, “भाऊ, घर चांगलं झालं हो. पण दुपारी तिथं जीव राहत नाही.”

हप्ता न मागताच आम्ही परतलो.

त्यात कोडे काहीच नव्हते. धंद्यात केस पिकलेल्या माणसाला ते आधीच ठाऊक असायला हवे होते. मातीचा जाड थर ऊन शोषून घेतो, पण ती उष्णता खाली पोहोचायला इतका वेळ लागतो, की तोवर दिवस मावळतो आणि वरची बाजू पुन्हा निवू लागते. चार-पाच इंची उघडा स्लॅब मात्र दुपारपासून तापतो आणि दिवसभर साठवलेली उष्णता रात्री उशिरापर्यंत खोलीत सोडत राहतो. जाड भिंतींच्या जागी बारीक विटांच्या भिंती आल्या, छताची उंचीही आम्ही खर्च वाचवण्यासाठी कमी केली होती. प्रत्येक ठिकाणी थोडी थोडी काटकसर केली आणि तिचा सारा भार एका म्हाताऱ्या जिवावर पडला.

आम्ही आमच्या खर्चाने जमेल तेवढे केले. आधी स्लॅबवर चुन्याचे दोन हात दिले, नंतर विटांच्या तुकड्यांचा कोबा करून त्यावर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवले, पुढच्या बाजूला तुराट्यांचा मांडव घातला. फरक पडला. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही मुद्दाम विचारायला गेलो तेव्हा आजी म्हणाल्या, “गेल्या सालापेक्षा बरं आहे.” पण दुपारची खाट गोठ्यातच होती. त्यांनी आमचे समाधान केले होते, हे न कळण्याइतके आम्ही भोळे नव्हतो. त्या वर्षीचा आमचा नफा त्या एका कामात गेला. त्याचे दुःख फार दिवस राहिले नाही. गोठ्यातली खाट मात्र अजून डोळ्यांपुढे येते.

त्यानंतर आम्ही आमची रीत बदलली. अंदाजपत्रक दोन भागांत लिहून देऊ लागलो. एका भागात आज दिसणारी कामे. दुसऱ्या भागात भिंत किंवा छप्पर उघडल्यावरच कळतील अशी कामे आणि त्यांचे दर. जुन्या घराच्या पोटात काय आहे हे उघडल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही. जो आधीच सगळा आकडा छातीठोक सांगतो, तो एक तर स्वतः बुडतो किंवा गिऱ्हाइकाला बुडवतो. पैशाचे हप्ते कामाच्या टप्प्यांशी जोडले. काय ठेवता येईल हे आधी सांगायचे आणि काय पाडावे लागेल ते नंतर, असा नियम केला. कुजलेली तुळई मात्र कोणाच्याही आठवणीसाठी ठेवत नाही. जिवाशी खेळ होतो.

घाईलाही आम्ही नकार देऊ लागलो. लग्नाची तारीख जवळ आली, की घरधनी टेके लवकर काढा म्हणतात. आय. एस. ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेके निदान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या स्लॅबखालचे १४ दिवस ठेवायचे असतात. राखमिश्रित सिमेंट असेल तर त्याहून अधिक. तोवर स्लॅबवर आळी करून पाणी साठवायचे. आमच्या भागात पाण्याची टंचाई नेमकी याच दिवसांत असते, म्हणून टँकरचा खर्च आधीच मांडलेला बरा.

जुन्या घरांनी आम्हांला आणखीही काही शिकवले. आपल्याकडे शेतजमिनीला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणतात. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिच्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून वाडवडील पांढरीत राहिले आणि काळीत पिकवले. आता गाव वाढून काळीत शिरले. तेथे उथळ पायावर बांधलेल्या नव्या भिंतींना दोन-तीन वर्षांत तिरप्या भेगा जातात आणि दोष गवंड्याला लागतो. तसेच गिलाव्याचे. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला, की आतली ओल आतच कोंडते आणि काही काळाने पोपडे सुटतात. मातीला मातीचा किंवा चुन्याचा गिलावा मानवतो. अजिंठ्याची चित्रे ज्या पृष्ठावर रंगवली आहेत, तो भुसा आणि वनस्पतींचे धागे मिसळलेला मातीचाच गिलावा आहे. दीड हजार वर्षांचा दाखला इतका जवळ असताना माती कच्ची म्हणून तिला हिणवायचे कसे?

याच शोधात आम्हांला लॉरी बेकर यांच्या कामाची ओळख झाली. १९१७ साली इंग्लंडमध्ये जन्मलेले हे वास्तुशिल्पी १९४५ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी इमारती बांधण्याच्या कामावर भारतात आले, येथलेच झाले आणि २००७ साली तिरुवनंतपुरम येथे वारले. घराचे साहित्य पाच मैलांच्या आत मिळणारे असावे, हा गांधीजींचा विचार त्यांनी जन्मभर पाळण्याचा प्रयत्न केला. त्यांनी प्रचारात आणलेला फिलर स्लॅब आम्ही आता पुष्कळ ठिकाणी घालतो. स्लॅबच्या खालच्या बाजूचा ताण सळई पेलते. तेथले बरेचसे काँक्रीट नुसते ओझे असते. म्हणून सळयांमधल्या चौकोनांत जुनी मंगलोरी कौले बसवायची. काँक्रीट वाचते, छत हलके होते आणि कौलांच्या पोकळीमुळे उष्णताही कमी उतरते. सळईची आखणी मात्र अभियंत्याकडूनच करून घ्यावी.

घर नवे करताना माणसांची नातीही उघडी पडतात. दोन भावांच्या मधली सामाईक भिंत पाडायची वेळ आली, की वीस वर्षे न बोललेल्या गोष्टी बोलल्या जातात. एकाची तुळई दुसऱ्याच्या भिंतीत शिरलेली असते. एकाने काढायची म्हटली तर दुसऱ्याचे छप्पर लोंबकळते. गावठाणातील मिळकतींची मोजणी करून मालमत्तापत्रक देणारी स्वामित्व योजना २०२० साली सुरू झाली. त्या कागदाने हद्द ठरते; तुळईचे काय करायचे ते भावांनी ओसरीवर बसूनच ठरवावे लागते. दोघांची संमती लेखी मिळेपर्यंत आम्ही कुदळ लावत नाही. यात काही कामे हातची गेली, पण एक-दोन ठिकाणी चहाच्या निमित्ताने भाऊ पुन्हा एका बाजेवर बसलेले पाहिले.

आता आमच्याबरोबर नव्या पिढीतली मुले काम करतात. संगणकावर ती घराचे असे चित्र काढून देतात, की गिऱ्हाईक बघतच राहते. त्यांचे आम्हांला कौतुक आहे. परंतु मापे घेण्याआधी त्यांनी एक वही उघडलीच पाहिजे, असा आमचा आग्रह असतो. त्या वहीच्या पहिल्या पानावर आम्ही काही प्रश्न लिहून ठेवले आहेत. पावसाचे पाणी कोणत्या बाजूने येते? पाणी कोण भरते आणि कोठून? घरातले सर्वांत वृद्ध माणूस कोण? आणि शेवटचा प्रश्न : वैशाखातल्या दुपारी ते कोठे निजते?

हा प्रश्न त्या माणसालाच विचारायचा, घरधन्याला विचारायचा नाही, असे खाली कंसात लिहिलेले आहे.