एक गीत आणि दोन भाऊ

माझ्या आईचे बालपण गिरगावातील एका चाळीत गेले. ती चाळ आज उरलेली नाही. परंतु १९४३ सालची तेथील एक हकीकत आईने मला इतक्या वेळा सांगितली आहे की, ती मी स्वतःच पाहिली असे मला वाटते.

दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. प्रजेचे धैर्य वाढेल आणि युद्धकार्यास हातभार लागेल असे चित्रपट निघावेत, अशी सरकारची इच्छा होती. कच्ची फिल्म परदेशाहून येत असल्यामुळे ती दुर्मिळ झाली होती व तिचे वाटपही सरकारच्याच हाती गेले होते. अशा काळात मालाडच्या बाँबे टॉकीजचा ‘किस्मत’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. कथा एका पाकीटमाराची. युद्धाशी तिचा संबंध नाही. परंतु तीत कवी प्रदीप यांचे एक समूहगीत होते, व त्यास अनिल विश्वास यांनी चाल दिली होती. परक्यांनी या देशापासून दूर राहावे, असा त्याचा आशय. त्यात जर्मनी व जपान यांची नावे असल्यामुळे परीक्षकांस आक्षेप घेता आला नाही. लोकांनी मात्र त्याचा अर्थ आपल्या मनाने लावला. ८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला होता; परका कोण, हे त्यांस कोणी सांगावयास नको होते. कलकत्त्याच्या रॉक्सी चित्रपटगृहात तर हा चित्रपट तीन वर्षांहून अधिक काळ चालला.

नऊ वर्षांची माझी आई, आजी व धाकटे मामा हा चित्रपट पाहावयास गेले. गीत सुरू होताच मामा उठून टाळ्या वाजवू लागले. चळवळीत त्यांनी लाठी खाल्ली होती. आजी मात्र पदराने डोळे पुसत होती. तिचे थोरले चिरंजीव फौजेत भरती होऊन ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर जपान्यांशी लढत होते. एकच गीत, परंतु एका मुलाने त्यात इंग्रज पाहिला, तर आईने दुसऱ्या मुलाचे संकट पाहिले.

थोरले मामा १९४६ साली सुखरूप परतले. पण दोघा भावांत अबोला राहिला. “मी कोणासाठी लढलो?” या त्यांच्या प्रश्नास धाकट्यांपाशी उत्तर नव्हते.

त्याच वर्षी परळच्या राजकमल कलामंदिराचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ आला. त्याचे दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे, व संगीत वसंत देसाई यांचे. सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणीसांना १९३८ साली काँग्रेसने वैद्यकीय पथकातून चीनला पाठविले. जपानशी लढणाऱ्या चिनी सैनिकांची शुश्रूषा करीत असता ९ डिसेंबर १९४२ रोजी ते तेथेच निवर्तले. आजीने दोघा मुलांना बळेच हा चित्रपट पाहावयास नेले. परतताना दोघेही ट्रामने न येता परळपासून गिरगावापर्यंत पायी आले. वाटेत काय बोलणे झाले, ते कोणास कळले नाही. मात्र त्या रात्री ते एका पंक्तीस जेवले.

सरकारने मागितलेले धैर्य लोकांनी आपल्या इच्छेप्रमाणे वापरले, असे इतिहास सांगतो. आई मात्र एवढेच म्हणते, “त्या रात्री आजीने दोघांच्या पानांवर न विचारता तूप वाढले.”