रडवणारी गाणी

आमच्या घरी रेडिओ होता तेव्हाची गोष्ट. आकाशवाणीवर 'आपली आवड' लागे. निवेदिका आधी फर्माईश करणाऱ्यांची नावे वाची. अमुक गावचे अमुक, त्यांच्या सौभाग्यवती, मुले आणि समस्त मित्रमंडळ! आणि एवढ्या सगळ्यांनी मिळून मागितलेले गाणे लागे ते हमखास रडण्याचे. मला लहानपणी याचे मोठे नवल वाटे. पदरच्या पैशाने पोस्टकार्ड घालून, सबंध कुटुंबाने रडण्याची सोय करून घ्यायची म्हणजे काय? लाडू मागावा, चिवडा मागावा. अश्रू कुणी मागून घेते का?

पण लोक घेतात खरे. आमच्याकडे जे गाणे लागले की आई पोळपाटावरचा हात थांबवी, ते पी. सावळारामांचे होते. सावळाराम वाळवे तालुक्यातल्या येडेनिपाणीचे, म्हणजे आम्हां कऱ्हाडकडच्यांना आपल्याच मुलखातले. चाल वसंत प्रभूंची आणि गळा लताबाईंचा. सासरी निघालेल्या लेकीचे डोळे भरून आले आहेत आणि आई तिची समजूत घालते आहे, एवढाच त्या गाण्याचा विषय. लेक रडते, आई रडू आवरते, आणि ऐकणारी बाई दोघींच्या वाटणीचे रडून घेते. शेजारच्या काकू खास त्या गाण्यासाठी भिंतीला टेकून बसत. गाणे संपले की नाक ओढून म्हणत, "किती गोड आहे नाही!"

या मैफलीत अण्णा मात्र कधी नसत. गाण्याचे पहिले स्वर आले की आमचे वडील उठत आणि गोठ्यात वैरण घालायला जात. वैरण घालून झालेली असली तरी जात. आमच्या बैलांना त्या गाण्यापायी आठवड्यातून एकदा तरी दोनदा जेवायला मिळे. "यांना रडगाणी खपत नाहीत," असा आईचा निवाडा होता, आणि आम्हीही तो मान्य करून टाकला होता. मिशीवाल्या शेतकऱ्याला रडगाणी खपू नयेत यात विशेष ते काय?

पुढे १९९१ साली 'माहेरची साडी' आला. गावातल्या बायका टोळ्या करून बघायला गेल्या. मी अकरा-बारा वर्षांचा, आईबरोबर गेलो. पडद्यावर अलका कुबल रडत होत्या आणि खाली अंधारात सबंध थिएटर मुसमुसत होते. मला इतकी लाज वाटली की मी मान खाली घालून खुर्चीचे खिळे मोजत बसलो. अण्णांनी यायला साफ नकार दिला होता. रात्री परतलो तेव्हा ते ओट्यावर बसले होते. "झालं रडून?" एवढेच त्यांनी विचारले, पण त्यात नेहमीची चेष्टा नव्हती. हे अर्थात मला आता वाटते. तेव्हा मला भूक लागली होती.

रडवणाऱ्या गाण्यांत पुरुषांचा वाटा तसा कमीच. लग्नात बँडवाले 'नीलकमल'मधले रफींचे गाणे वाजवतात तेव्हा मुलीचा बाप डोळे पुसतो, त्याला मुभा आहे. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लताबाईंनी प्रदीपांचे गीत गायिले. संगीत आमच्या नगरकडच्या पुणतांब्याच्या चितळकरांचे, म्हणजे सी. रामचंद्रांचे. ते ऐकून नेहरूंचे डोळे भरून आले, त्याचे सर्वांना कौतुक वाटले. देशासाठी रडायला हरकत नाही. अलीकडे संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांनी 'दमलेल्या बाबाची कहाणी' म्हणायला घेतली आणि नाट्यगृहात कचेऱ्यांतून आलेले बाप उघड रडू लागले, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्यांच्यात मीही होतो. पण ते जाऊ द्या.

मी मराठी शिकवतो. दुःखाचे काव्य वाचून सुख का होते, हा प्रश्न वर्गात दर वर्षी येतो आणि दर वर्षी मी न. चिं. केळकरांची सविकल्प समाधी फळ्यावर लिहितो. १९२१च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून केळकरांनी मांडलेली ही कल्पना. वाचक स्वतःचे भान न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, आणि हे दुहेरी असणे हाच त्याचा आनंद. शेजारच्या काकू म्हणजे या सिद्धांताचे चालतेबोलते उदाहरण. त्या लेक होत, आई होत आणि गाणे संपताच पुन्हा काकू होऊन चहा मागत. मुलांना हे पटते. मलाही पटत असे.

त्यानंतर मी 'संगीत शाकुंतल'कडे वळतो. आपल्या सगळ्या पाठवणीच्या गाण्यांची आजी म्हणजे शाकुंतलाचा चौथा अंक. कण्वासारखा विरक्त ऋषी, त्याचाही कंठ दाटतो आणि त्याच्या मनात येते की वनात राहणाऱ्या माझी ही दशा, तर संसारी बापांचे काय होत असेल! मुले वहीत लिहून घेतात. मग मी आणखी एक गोष्ट सांगतो. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात या नाटकाचा पहिला प्रयोग केला तो पहिल्या चार अंकांचाच. मराठी संगीत रंगभूमीची ही पहिली रात्र मुलीच्या पाठवणीवर संपली. वर्ग हसतो, घंटा होते. पाचवा अंक बहुधा मुलांनी घरी वाचायचा असतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. अण्णा आता ऐंशीच्या घरात आहेत आणि आमच्याकडे शहरात राहतात. माझी मुलगी शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी एक जुने गाणे बसवत होती. बाईंनी निवडले होते नेमके तेच, सावळारामांचे. मोबाइलवर नुसते वाद्यांचे सूर लावून तिने पहिली ओळ उचलली आणि अण्णा उठले. उठले खरे, पण जायचे कुठे? तिसऱ्या मजल्यावर गोठा नव्हता. ते गॅलरीत जाऊन कठडा धरून उभे राहिले. मी मागोमाग गेलो.

"अण्णा, बरं वाटत नाही का?"

"बरं हाय. पोरीचा गळा चांगला हाय तुझ्या." मग बऱ्याच वेळाने म्हणाले, "पर त्यात आई 'जा' म्हनती न्हवं? तेवढं ऐकवत न्हाई."

अण्णांना एक मोठी बहीण होती, हे मला माहीत होते. ती लवकर गेली, एवढेच माहीत होते. त्या संध्याकाळी पुढचे कळले. १९६०च्या सुमाराची दिवाळी. आत्याचे लग्न होऊन वर्ष झालेले. ती सणाला आली आणि परत जायला तयार होईना. पाठीवरचे वळ तिने आपल्या आईला दाखवले. आजी रडली. घरातल्या सगळ्याच बायका रडल्या. पण भाऊबीज झाल्यावर थोरल्या चुलत्यांनी तिला पोचवायला न्यायचे ठरवले, आणि ट्रंक उचलायला बरोबर अण्णांना घेतले. ते तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचे. सासरच्या दारात तिला सोडून हे दोघे निघाले, तर ती पाठीमागून चालू लागली.

"मागं मागं आली रं. वड्यापतूर आली. तात्या खेकसलं. ती माझ्याकडं बघाय लागली. मला बी कळंना. मी बी म्हनलं, जा."

पुढच्या पावसाळ्यात तिकडून निरोप आला. कसला, ते अण्णांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. आत मुलगी दुसरे कडवे म्हणत होती. तिला थांबवावे असे मला वाटले, पण अण्णांनीच हाताने नको म्हटले.

त्या रात्री मी कपाटातून शाकुंतल काढून पाचवा अंक उघडला. दुष्यंत शकुंतलेला ओळखत नाही. कण्वाचे शिष्य तिला तिथेच सोडून निघतात. गौतमी वळून पाहते आणि सांगते की ही रडत आपल्या मागे येते आहे. त्यावर शार्ङ्गरव गर्रकन वळतो आणि तिलाच दरडावतो. नवऱ्याच्या घरचे दास्यही तुला योग्य आहे म्हणतो. चौथ्या अंकात निरोप देताना गहिवरलेल्या आश्रमातलाच हा माणूस! एवढी वर्षे शिकवूनही त्याचा राग मला आला नव्हता. त्याच्याबरोबर ट्रंक घेऊन कुणी पोरगा आला असेल, असे तर कधी मनातही आले नव्हते. आणि केळकरांची समाधी? अण्णांना दुसऱ्या कुणाच्या भूमिकेत शिरायचेच नव्हते. ते त्या गाण्यात आधीपासून उभे होते.

मला वाटते, रेडिओवरची आपली रडवणारी गाणी फार करून चौथ्या अंकावर थांबली. निघणाऱ्या मुलीसाठी त्यांनी पुष्कळ अश्रू ठेवले. परत येऊ पाहणारीसाठी थोडे. जात्यावरच्या बायकांनी तसे केले नव्हते. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन'मध्ये ओव्या जमवल्या आहेत, त्या काढून पाहाव्यात. सासुरवासाचे दुःख तिथे बाई स्वतः सांगते, आणि सांगताना हाताखालचे दळण थांबवत नाही. हादग्याची गाणी तर त्याहून धीट. कारल्याच्या वेलाचे गाणे सर्वांना ठाऊक असेल. सून माहेरी जाऊ का म्हणून विचारते. सासू म्हणते, कारल्याचे बी पेर, मग जा. बी पेरले तर वेल येऊ दे, वेल आला तर कारली लागू देत, कारली लागली तर भाजी कर! एकही अश्रू नसलेले याच्याइतके रडके गाणे मला दुसरे माहीत नाही. मुली ते हसत, टाळ्या पिटत म्हणतात.

यंदा आमच्या इमारतीतल्या मुलींनी खाली अंगणात पाटावर हत्ती मांडून हादगा केला. अण्णा खुर्ची टाकून बसले होते. कारल्याचे गाणे सुरू झाले तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिले. उठले नाहीत. गाणे लांबत गेले, मध्येच मुलींचा क्रम चुकला, हशा झाला, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. अण्णांना आता नीट ऐकू येत नाही. शेवटच्या ओळी टाळ्यांत बुडाल्या आणि मुली खिरापत ओळखायला पळाल्या, तेव्हा त्यांनी माझा हात ओढून विचारले,

"मग? गेली का ती म्हायेरी?"

"गेली, अण्णा," मी म्हणालो. "वेणी घालून पाठवली तिला."